स्वयंपाकघर भरलं तर

कोंबडा आरवायच्या आत सातिनेमनं तिन्ही चुली पेटवल्या, सरपण हाताशी रचलं, सुऱ्या धुऊन चटईवर ओळीनं मांडल्या आणि बाजूला झाली. कार्यघरच्या बाईचं काम इथं संपतं. पुढचं गल्ली बघते.

आमच्या सुंबरजाती गावात याला रेवांग म्हणतात. कुणाकडे लग्न असो, सुंता असो की मयताचं जेवण, बाया पहाटे मागच्या दारानं आत येतात आणि न विचारता आपापल्या जागी बसतात. नारळ खवणारी नारळाशी, मसाला वाटणारी पाट्याशी, आणि जिला काहीच धड येत नाही ती केळीची पानं पुसायला. बोलवायला जायचं नसतं. बोलवावं लागलं तर ते रेवांग कसलं, ती मजुरी झाली. कोण कुणाकडे आलं, कोण ऊन वर आल्यावर उगवलं, कोण नुसत्या गप्पा हाणून जाताना मात्र डबा गच्च भरून घेऊन गेलं, हे कुठं लिहिलेलं नसतं. पण कुठल्याही बाईला विचारा, आजेसासूपासूनचं सांगेल.

सातिनेमची जागा भाताची. कुणाचंही कार्य असो, तांब्याच्या उंच भांड्यात भात वाफवायचा तो सातिनेमनं. नवरा मार्तो जिवंत होता तेव्हा चेष्टेनं म्हणायचा, "मी मेलो तरी तू आधी शेजारचा भात उतरवशील आणि मग रडायला येशील." तो मेला तेव्हा मात्र तिला बसवून ठेवलं होतं आणि भात शेजारच्या पोनिरानं केला होता. जरा गिचका झाला होता. सातिनेम त्याबद्दल कधी बोललेली नाही आणि विसरलेलीही नाही.

आज मार्तोचा हजारावा दिवस. आजच्यानंतर मेलेल्याचं घराशी काही उरत नाही. कबरीवर पक्का दगड बसतो आणि माणूस कायमचा गेला असं धरतात. सातिनेमचा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकलेला. गेल्या ईदेला आईचं पुढं काय करायचं यावरून तिन्ही पोरं याच घरात एकमेकांच्या अंगावर धावली होती, तेव्हा थोरल्या पुरवांतोनं शेवटी विचारलं होतं, "मबोक, बापाक गेले. इथं तुमचं आता आहे कोण? सुराबायाला चला आमच्याकडे." पोरं तिला मबोक म्हणत, बापाला बापाक. आणि जन्मात कधी पैज न लावलेल्या बाईनं पैज लावली होती. "हजाराव्या दिवशी ये आणि बघ माझं कोण आहे ते. स्वयंपाकघर भरलं तर मी इथली. नाही भरलं तर मुकाट तुझ्या गाडीत बसते."

यात हरायला जागाच नाही, या समाधानात ती तेव्हापासून होती.

उजाडलं. गल्लीतून चपलांचे आवाज आले, बायांची बोलणी आली. मार्तोच्या दाराशी येताच बोलणी खाली उतरली आणि पुढं जाऊन पुन्हा वर आली. सातिनेमनं एका चुलीतलं लाकूड मागं ओढलं. उगाच जळत होतं.

मधली वार्सिनी डोळे चोळत आत आली. ती तैवानात एका म्हातारीला आंघोळ घालायची, भरवायची नोकरी करते. बापाच्या हजाराव्या दिवसासाठी सुट्टी काढून आली होती.

"आलं नाही कुणी?"

"येतील. पोनिराची कोंबडी खुडूक बसलीय. तिला दाणे टाकूनच येईल ती."

"आणि बाकीच्यांच्याही कोंबड्या आजच खुडूक बसल्या का?"

"तैवानात जाऊन तुझी जीभ लांब झालीय."

वार्सिनी चटईवर बसली आणि तिनं एक नारळ पुढ्यात ओढला.

"ती सुप्राप्तीची जागा आहे," सातिनेम म्हणाली.

"ती आली की उठते."

खवणीचा आवाज तेवढा येत राहिला. एवढ्या मोठ्या स्वयंपाकघरात एकच खवणी वाजली की फार वाजते.

*

पुरवांतो ओसरीवर बसून लवंगी सिगरेट ओढत होता. तो सुराबायाच्या बंदरात एका गोदामाचा कारकून. कालच बायकोला घेऊन गाडीनं आला होता. आतलं सगळं त्याला दिसत होतं. खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी शाळेत चुकून दुसऱ्याचा डबा खाल्ल्यावर वाटायचं तसं काहीतरी वाटत होतं.

गेल्या आठवड्यात गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यानंच लिहिलं होतं: 'आमच्या वडिलांच्या हजाराव्या दिवसानिमित्त सर्वांनी संध्याकाळी प्रार्थनेस यावे. स्वयंपाकाची तसदी कुणीही घेऊ नये, सर्व व्यवस्था केलेली आहे. आपण फक्त यावे व जेवावे.' त्याखाली सगळ्या गल्लीनं हात जोडून 'इंगिह' लिहिलं होतं. म्हणजे होय जी. एकानंही दुसरं काही लिहिलं नव्हतं.

मुद्दाम केलं का? पुरवांतोला विचाराल तर नाही म्हणेल, आणि ते खोटं नसेल. सुराबायात लोकांना अशीच आमंत्रणं जातात. लोकांना त्रास नको, हीच तिथली सभ्यता. पण लिहून झाल्यावर आईची पैज त्याला आठवली होती, आणि आठवूनही त्यानं तो मजकूर काढून टाकला नव्हता, हेही तितकंच खरं.

"जेवणाचे बॉक्स दुपारपर्यंत येतील," त्याची बायको रेत्नो म्हणाली. ती सासूला इबू म्हणते आणि नवऱ्याला मास. "ज्यादाच सांगितलेत. इबूंना बोललात ना तुम्ही?"

"मला वाटलं तू बोलशील."

"तुमची आई आहे, मास."

तेवढ्यात धाकटा गुनार्दी मोटारसायकलवरून आला. हँडलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या, मागं केळीच्या पानांचा भारा. तो नदीपलीकडं सासुरवाडीत राहतो आणि बापाची भातशेती कसायला रोज इकडं येतो. त्यानं कोंबड्या उतरवल्या, आत डोकावला आणि तसाच बाहेर आला.

"बाया कुठायत?"

"तुझीच कुठाय आधी ते सांग," आतून वार्सिनी म्हणाली. "लास्मी का नाही आली?"

"तिच्या गावात लग्न आहे, यू," गुनार्दी म्हणाला. थोरल्या बहिणीला, वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडं यू म्हणतात. "तिला तिकडं रेवांगला जावंच लागतं. तिथं नाही गेली तर उद्या माझ्या पोराच्या सुंतेला कोण येईल? तू?"

"म्हणजे सासुरवाडीचं चुकवायचं नाही आणि आईचं चुकलं तरी चालतं."

"आईकडं सगळी गल्ली येते, असं समजून चाललो होतो मी. कांग, काय झालंय हे?"

कांग म्हणजे दादा, थोरला पुरवांतो. त्यानं फोन गुनार्दीच्या हातात दिला. गुनार्दीनं वाचलं, मग पुन्हा वाचलं. तो रागावला की त्याचा आवाज लहान होतो.

"तसदी घेऊ नये," तो म्हणाला. "कांग, तू आईचा हात धरून तिला गल्लीबाहेर काढलंस, आणि वर लोकांकडून होय जी म्हणवून घेतलंस."

"साधं आमंत्रण आहे ते."

"शहरात असेल. इथं ज्याला परत कुणाचं कधी काही करायचं नाही, तो असं लिहितो."

"तुझं काय दुखतंय ते मला माहीत आहे. आई गेली तर शेताच्या वाटण्या निघतील, हेच ना?"

"दुखतंय तर दुखतंय. राबतो मी त्यात. तू आलास कधी गुडघाभर चिखलात?"

भिंत बांबूच्या तट्ट्याची. तिच्या अलीकडं काय आणि पलीकडं काय, सगळं एकच. सातिनेम चुलीपाशी बसून ऐकत होती आणि कोंबडीची पिसं काढत होती. पिसं काढायची जागा कुणाची हे तिला माहीत होतं. तीही बाई आली नव्हती.

वार्सिनी हात पुसत उठली. "मी पोनिराकडं जाऊन येते."

"बोलवायला जाऊ नको," सातिनेम म्हणाली.

"बोलवत नाही. विचारते."

*

दोन्ही परसांच्या मध्ये जास्वंदीचं कुंपण आहे आणि त्यात एक फट. ती कुणी पाडली नाही. इतक्या वर्षांच्या जाण्यायेण्यानं पडली. वार्सिनी तिथून पलीकडं गेली.

पोनिरा उंबऱ्यावर बसली होती. आंघोळ झालेली, केस घट्ट बांधलेले, अंगात कामाचं जुनं पोलकं आणि कमरेला फडक्यात गुंडाळलेली सुरी.

"बस. खाल्लंस काही?"

"बुलिक, तुम्ही तर तयार होऊन बसलाय," वार्सिनी म्हणाली. धाकट्या मावशीला म्हणावं तसं ती तिला लहानपणापासून बुलिक म्हणायची.

"सवय. सकाळी उठले, तयार झाले. मग आठवलं की यायचं नाहीय."

"कोण म्हणालं यायचं नाही?"

"तुझा भाऊ म्हणाला. साऱ्या गावाला म्हणाला." पोनिरानं शांतपणे सांगितलं. "आम्ही समजलो. घर मिटायला काढलंय. मिटणाऱ्या घराच्या चुलीत आपण लाकूड कसं घालायचं? घातलं तर त्या माणसाच्या डोक्यावर परतफेडीचं ओझं. सुराबायाला बसून तुझी आई कुणाकुणाचं कसं फेडणार? म्हणून सगळ्यांनी ठरवलं, तिला मोकळी जाऊ द्यायची."

"तिला मोकळं कुठं व्हायचंय?"

"मला काय माहीत? मला ती काहीच बोलली नाही." आता कुठं पोनिराच्या आवाजाला धार आली. "कुंपणाच्या फटीतून मीठ मागते, मिरची मागते, आणि घर सोडून चालली हे मला फोनमध्ये वाचायला लागतं. माझ्या सुनेनं वाचून दाखवलं. मला तर ते वाचताही येत नाही."

"तिलाही ठाऊक नव्हतं. तुम्ही आता चला. तुम्ही आलात की बाकीच्या येतील."

पोनिरानं सुरीच्या फडक्याची गाठ सोडली आणि परत बांधली.

"तुझ्या सांगण्यावरून आले तर ते तुझ्या सांगण्यावरून येणं होईल. तिनं फटीपाशी यावं. नेहमीसारखं माझं नाव तोडून नुसतं 'राह, ये' म्हणावं. शेवटच्या घरापर्यंतच्या सगळ्या बाया घेऊन येते. आलेलं ऊन उतरायच्या आत भात वर असेल."

*

वार्सिनीनं येऊन सगळं सांगितलं तेव्हा स्वयंपाकघरात चौघं जमली होती आणि सातिनेम. रेत्नो पहिल्यांदाच त्या चटईवर बसली होती आणि तिला पाय कुठं घ्यावेत ते कळत नव्हतं.

"मग झालं तर," गुनार्दी म्हणाला. "मबोक, उठा. दोन पावलांवर फट आहे."

"आणि त्या आल्या की तू सुटलास," वार्सिनी त्याच्याकडं वळली. "पावसाळ्यात मबोकना ताप होता, तेव्हा कोण आलं होतं रे? बुलिक पोनिरानं फोन केला म्हणून मला तैवानात कळलं. तू नदीपलीकडं होतास."

"नदीला पूर होता."

"पहिल्या दिवशी होता."

पुरवांतो काहीतरी बोलणार होता, तर वार्सिनीनं त्यालाही सोडलं नाही. "तू बोलू नको, कांग. आपण तिघंही तेच करतोय. शेजारीण बघते म्हणून आपण निवांत. तू निदान न्यायला तरी आलास. पण नेऊन ठेवणार कुठं?"

"खोली आहे. पंखा आहे. मशीद जवळ आहे."

"मी ज्या म्हातारीकडं असते ना," वार्सिनी आता रेत्नोशी बोलत होती, "तिलाही तिच्या मुलानं गावाहून आणली. चांगला मुलगा आहे. अकराव्या मजल्यावर खोली, खोलीला मोठी खिडकी. ती दिवसभर खिडकीत बसते आणि खालून जाणाऱ्या बायांना नावं देते. ती बघ अमकी चालली, ती बघ तमकी. सगळ्या तिच्या गावच्या बाया. आधी मला वाटलं तिला भ्रम झालाय. भ्रम नाही, तिला माहीत असतं की त्या बाया या नव्हेत."

चुलीत ओलं लाकूड शिजल्यासारखा आवाज करत होतं.

मग रेत्नोनं फोन बाहेर काढला. "मी बॉक्स रद्द करते," ती म्हणाली. "अजून निघाले नसतील. इबू, तुम्ही जा आणि म्हणा ते. मला पानं पुसता येतात, तेवढं मी करेन."

पुरवांतो बायकोकडं बघत राहिला. तिच्यासाठी म्हणून तो हे सगळं करतोय, असं तो इतके दिवस स्वतःला सांगत आला होता. सासू घरी आली की दोन्ही पोरांची काळजी मिटेल आणि रेत्नोला शिवणकामाच्या क्लासला जाता येईल. आता तीच आईच्या बाजूनं झाली.

"थांब," तो म्हणाला. "रद्द करू नको एवढ्यात. आणि मबोक, मी ग्रुपवर नवीन लिहितो. माझं चुकलं, सगळ्यांनी या, असं लिहितो."

"लिहिलंस तर होय जी म्हणतील," सातिनेम म्हणाली.

ती उठली. उठताना तिनं भिंतीचा आधार घेतला आणि कुणाला दिसणार नाही अशा बेतानं हात काढून घेतला. अलीकडच्या कार्यांमध्ये तिच्याच्यानं भाताचं भांडं उचललं जात नव्हतं. सुप्राप्ती म्हणायची, "यू, तू बस, मी उतरवते." पोनिरा म्हणायची, "तू नुसतं सांग, पाणी किती." मग एकदा कुणी विचारलंच नाही पाणी किती ते. बाया काही बोलल्या नव्हत्या, जाताना तिचा डबा नेहमीसारखा भरून दिला होता. काम न करता डबा नेणाऱ्या बायांना सातिनेमनं आजवर काय काय म्हटलं होतं ते तिला पाठ होतं. म्हणून तर आजचा दिवस तिला हवा होता. तिनं न बोलावता त्या आल्या असत्या तर आपण अजून त्यांच्यातल्याच आहोत हे तिला कळलं असतं. बोलावून आल्या तर काय कळणार? आणि तरीही ती फटीकडं चालली, कारण बोलावून आलेलं स्वयंपाकघरही भरलेलंच असतं, असं तिनं वाटेत स्वतःला पटवलं होतं.

पोनिरा मिरचीच्या वाफ्यात उभी होती. तोडण्यासारखी एकही मिरची नव्हती.

"उठली का गं कोंबडी?" सातिनेमनं विचारलं.

"कुठली उठतेय. हात लावू देत नाही."

"बसू दे मग. उठवू नको."

"नाही उठवत."

सातिनेमच्या तोंडात शब्द तयार होता. राह, ये. पोनिराच्या कमरेला सुरी तशीच होती. अर्धा शब्द आला असता तरी ती कुंपण मोडून आली असती. पण दोन बायांनी समोरासमोर उभं राहून गप्प राहणं बरं दिसत नाही, म्हणून पोनिरा आधी बोलली.

"नशीबवान आहेस, यू. पोरगा गाडी घेऊन न्यायला येतो. माझ्या जकार्तातल्यानं दोन पावसाळे झाले, तोंड दाखवलं नाही."

हे ती कशाला बोलली? 'कसलं नशीब, मी कुठं चाललेय' असं सातिनेमनं म्हणावं म्हणून. आमच्याकडं प्रश्न असाच विचारतात. आणि सातिनेमला तो ऐकू गेला कसा? जिचा पोरगा येत नाही ती सातिनेमच्या पोराचं कौतुक करतेय, तिच्यासमोर 'मला नको ती गाडी' कसं म्हणायचं? तिच्याकडं नाही ते आपण झिडकारलं असं होईल. चांगल्या घरात वाढलेली कुणीही बाई म्हणेल तेच ती म्हणाली.

"हो. नशीबच म्हणायचं."

पोनिरानं मिरचीच्या रोपाचं एक पान तोडलं. त्याचा काही उपयोग नव्हता.

"निघणार कधी?"

"पुरवांतो म्हणेल तेव्हा."

"बरं झालं. म्हणजे, बरंच आहे. तिथं पंखे असतात म्हणे."

"आहे म्हणतो."

"मग बरंय."

"हो. चल, चूल पेटती आहे."

"हो, जा जा."

सातिनेम परत आली तेव्हा चौघं तशीच बसली होती. रेत्नोनं खरोखरच पानं पुसायला घेतली होती.

"काय म्हणाली?" वार्सिनीनं विचारलं.

"कोंबडी अजून बसलीय म्हणाली."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी जातेय म्हणाले." तिनं खाली बसून एका चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि राखेत दाबलं. "रेत्नो, ते डबे येऊ देत. एका चुलीवर चहा होईल. बाकीच्या विझवते."

"मबोक, पैजबिज सोडा," पुरवांतो म्हणाला. "माझ्या एका ओळीवरून..."

"पैज मी लावली होती. तू कशाला रडतोस?"

वार्सिनीला वाटलं, आपण पुन्हा पलीकडं जावं, पोनिराचा हात धरून तिला ओढत आणावी. ती उठलीही. पण जाऊन काय सांगणार होती? आई म्हणाली ते खोटं होतं, असं? दोघींच्या तोंडावर दोघींना खोटं पाडायचं. तैवानात ती हे करू शकली असती. इथं नाही.

*

डबे आले. पांढरे, चौकोनी, प्रत्येकावर मार्तोचं नाव आणि हजारावा दिवस असं छापलेलं. एका बाजूला पाण्याची छोटी बाटली, दुसऱ्या बाजूला केळं. गुनार्दीनं ते ओसरीवर रचले. चारदा इकडून तिकडं उचलून ठेवले. दुसरं काम नव्हतं.

सूर्यास्ताच्या नमाजानंतर गल्लीतले पुरुष आले. सगळे आले, त्यात कुणी कसूर केली नाही. सगळ्यांनी वाकून पुरवांतोचा हात हातात घेतला आणि व्यवस्था फार छान झाली असं सांगितलं. चटयांवर गोल करून बसले. पुरवांतोनं मोदिनांना, म्हणजे आमच्या मशिदीत प्रार्थना सांगतात त्यांना, आधीच कानात सांगून ठेवलं होतं की आजचा हेतू एकच बोलायचा, बापाच्या आत्म्याला शांती. बाकी काही नको. त्यानं दुपारीच मनाशी ठरवलं होतं: आज जाऊ दे. उद्या सकाळी मबोकला म्हणायचं, गाडीत जागा नाही, तुम्ही इथंच राहा. गाडीत जागा नाही, हे ऐकून ती हसली असती.

मागच्या स्वयंपाकघरात एकच चूल पेटती होती. सातिनेम चहा गाळत होती आणि मागच्या दारातून पोनिरा आत आली.

तिनं चांगली केबाया घातली होती, लग्नाला घालते ती. हातात साखरेचा पुडा. पाहुण्या बाया आणतात तसा. ती दारात थांबली. या दारात ती कधी थांबलेली नव्हती.

"ये ना," सातिनेम म्हणाली. "बस."

चटईवर जागाच जागा होती. पोनिरा भिंतीपाशी बसली. वार्सिनी आणि रेत्नो एकमेकींकडं बघून उगाच ग्लास मोजल्यासारखं करत कोपऱ्यात सरकल्या.

"मी ओतू का?" पोनिरानं विचारलं.

"नको. बस तू." सातिनेमनं तिला चहा दिला. दोन्ही हातांनी, जरा वाकून. परक्या माणसाला देतात तसा.

बाहेर मोदिन बोलायला लागले. त्यांचं वाक्य संपलं की पुरुष एका सुरात म्हणत, इंगिह. दिवंगत मार्तोंच्या आत्म्याला शांती लाभो. इंगिह. त्यांच्या कबरीला उजेड लाभो. इंगिह. मग मोदिन क्षणभर थांबले. माणूस भला. गावाला ठाऊक असलेली गोष्ट यजमान संकोचापोटी सांगत नाही, असं त्यांना वाटलं, आणि घरच्यांचं काही राहून जायला नको म्हणून त्यांनी ती आपण होऊन घातली.

"आणि मार्तोंची घरधनीण आजपासून थोरल्या मुलाच्या आधाराला सुराबायाला चालली आहे, तिची वाट सुखाची होवो. तिचं गल्लीकडं आणि गल्लीचं तिच्याकडं जे काही राहिलं असेल ते दोन्हीकडून माफ असो."

"इंगिह."

पुरवांतोनं तोंड उघडलं होतं. पण सगळ्यांनी म्हणून झालं होतं, आणि सगळ्यांचं म्हणून झालेलं मोडायचं कसं हे त्याला कुणी कधी शिकवलेलं नव्हतं. तोही म्हणाला, सगळ्यांच्या नंतर, एकटाच. गुनार्दी मान खाली घालून डब्यावरचं छापलेलं नाव नखानं खरवडत होता.

तट्ट्याच्या मागं बायांनीही म्हणायचं असतं, हळू आवाजात. पोनिरा म्हणाली. सातिनेमही म्हणाली. दोघींचा आवाज जवळजवळ एकदम आला.

चहा संपला. पोनिरा ग्लास घेऊन उठली आणि रांजणाकडं वळली, पाणी घ्यायला.

"ठेव तो," सातिनेम म्हणाली. "पाहुण्या बाईनं विसळायचा नसतो."

पोनिरानं ग्लास होता तिथं परत ठेवला. ती पुन्हा बसली. तिचे हात थोडा वेळ तसेच अर्धवट पुढं राहिले, आणि मग ते कुठं ठेवावेत हे न कळून तिनं ते मांडीवर ठेवले.